सांगली-साताऱ्याच्या पिनकोडचे अवयव पाडताना या चुका टाळा

सांगलीचा पिन ४१६४१६, साताऱ्याचा ४१५००१. शिकवणीला येणाऱ्या पोरांना मी पहिल्याच दिवशी या दोन्हींचे मूळ अवयव पाडायला लावतो. चुका दरवर्षी त्याच.

आधी स्वल्पविराम. सवयीने ४,१६,४१६ लिहिलं की संख्येचं गुपित झाकलं जातं. स्वल्पविराम पुसा, ४१६ दोनदा दिसेल. म्हणजेच ४१६ × १००१. त्यात १००१ = ७ × ११ × १३ आणि ४१६ = ३२ × १३. इथे तेरा दोनदा आलाय, एक या घरातला, एक त्या. पोरं एकच लिहितात आणि मग ताळा जुळत नाही म्हणून पाढ्यांना दोष देतात.

विभाजक किती? २, ७, ११, १३ यांचे घातांक ५, १, १, २. यांचाच गुणाकार करून १० उत्तर काढू नका. एखादा अवयव एकदाही न घेणं हाही पर्याय असतो, म्हणून प्रत्येकात १ मिळवायचा: ६ × २ × २ × ३ = ७२.

‘४ ने जातो, ३२ ने जातो, मग १२८ ने जाणारच’ हेही चूक. ४ तर ३२ च्या पोटातच आहे. ७ आणि ३२ मध्ये सामाईक काही नाही, म्हणून २२४ ने मात्र खुशाल भाग जातो.

खरी मजा साताऱ्याची. अंकांची बेरीज ११, म्हणून ३ नाही. ४१५ मधून ००१ वजा केले की ४१४, म्हणजे ४१५००१ = ४१५ × १००१ − ४१४. त्याला ७, ११, १३ यांपैकी कुणीच भागत नाही, म्हणून ४१५००१ लाही नाही. पुढे १७, १९, २३... एखादा ४७ पर्यंत नेटाने जातो आणि ‘मूळ संख्या’ लिहून वही मिटतो. थांबायचं कुठे, तर वर्गमुळाशी. ते इथे ६४४ च्या किंचित पुढे. दोन्ही अवयव त्याहून मोठे असते, तर गुणाकार किमान ६४५ × ६४५ म्हणजे ४१६०२५ झाला असता. म्हणजे ६४४ पर्यंतच्या ११७ मूळ संख्या तपासायची तयारी हवी. अजिंक्यताऱ्याचं गाव, सहजी फुटेल कसं? एकशेबाराव्या मूळ संख्येला, ६१३ ला, दार उघडतं: ६१३ × ६७७.

एक नवी चूक मोबाइलवरच्या स्प्रेडशीटने आणलीय. ४१६४१६ चा घन काढला तर ती ७२२०७४८५९३३८७९३०० दाखवते. शेवटी दोन शून्यं बघून एकीने लिहिलं, ‘५ ने भाग जातो.’ अगं, ४१६४१६ च्या अवयवांतच ५ नाही, तर घनात येईल कुठून? स्प्रेडशीट पंधराच अंक धरते, शेवटचा जवळच्या अंकाला नेते आणि पुढे शून्यं भरते. शिवाय शेवटी ६ असला की कितीही घात घ्या, शेवटी ६ च येतो. खरा घन ७२२०७४८५९३३८७९२९६.