या चुका टाळा: चॅटबॉटकडून मराठी लेखनाचे धडे करून घेताना

२०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. तेव्हापासून एकाच वर्गात हिंदी, गुजराती, तमिळ घरांतली मुलं शेजारी बसून मराठी लिहायला शिकताहेत. बँकांतले, दवाखान्यांतले मोठे विद्यार्थी वेगळेच. प्रत्येकासाठी वेगळा धडा काढायला शिक्षकाकडे वेळ नसतो, म्हणून आता बरेच जण चॅटबॉटकडे वळलेत. कल्पना चांगली आहे, पण बहुतेकांचा वापर पहिल्याच पायरीवर घसरतो.

नाव आणि छंद घातले की धडा वैयक्तिक झाला असं समजणं

‘विद्यार्थ्याला क्रिकेट आवडतं, त्याच्यासाठी लेखनाचा सराव दे’ असं सांगितलं की बॉट आनंदाने धोनीवर पाच वाक्यं देतो. मुलगा दोन मिनिटं खूश होतो आणि चुका होत्या तिथेच राहतात. आवडीचा विषय हवाच, पण खरा फरक पडतो तो चुका कुठून येतात हे बॉटला कळल्यावर, आणि ते तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही.

एकच वाक्य घ्या: ‘मी पुस्तक वाचलं.’ हिंदी घरातला मुलगा बऱ्याचदा ‘मीने पुस्तक वाचली’ लिहितो. ‘ने’ हिंदीतून आला आणि पुस्तक स्त्रीलिंगी झालं तेही हिंदीमुळेच. तमिळ घरातला ‘मी पुस्तक वाचलो’ लिहितो, कारण त्याच्या भाषेत क्रियापद नेहमी कर्त्याप्रमाणे बदलतं. गुजराती मुलगी हे वाक्य सहज बरोबर लिहून जाते, कारण तिच्याकडे नपुंसकलिंगही आहे आणि भूतकाळाची रचनाही आपल्यासारखीच. ती अडते पुढे: ‘मी मुलीला पाहिली.’ गुजरातीत तिथे क्रियापद मुलीप्रमाणे बदलतं, मराठीत मात्र ‘पाहिलं’च राहतं. अमेरिकेतल्या मराठी शाळेत येणारा, घरी मराठी बोलणारा मुलगा उच्चार अचूक करतो आणि लिहितो ‘वाचल’. त्याचा व्याकरणाशी काही झगडा नाही, त्याला फक्त अनुस्वार दिसत नाही.

या चौघांना ‘भूतकाळाचा सराव’ नावाची एकच वर्कशीट देणं म्हणजे तिघांचा वेळ वाया घालवणं. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचंही तसंच. हिंदीवाला ‘आम्ही उद्या सिनेमाला जाऊया’ लिहितो, कारण त्याच्याकडे दोन्हीला ‘हम’ एकच. गुजराती आणि तमिळ भाषांत हा फरक आधीपासून आहे, त्यांना तो शिकवत बसू नका.

तेव्हा प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे बॉटला लिहून दिलेल्या सूचनेत, तीन गोष्टी हव्यात: मातृभाषा, विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या सात-आठ ओळी (चुकांसकट, जशाच्या तशा) आणि आज कुठल्या एका गोष्टीवर काम करायचंय ते. धोनी त्यानंतर आला तरी चालेल.

‘चुका दुरुस्त कर’ एवढंच सांगणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. हिंदी मातृभाषेच्या एका शिकणारीने असं लिहिलंय समजा:

‘काल मी मंडईमध्ये गेली. तिथे एक मावशीने भाजी जास्त महाग सांगितली. मी बोली, मावशी मी रोज येते, थोडं कमी कर ना. ती हसली आणि कोथिंबीर फुकट दिली.’

‘दुरुस्त कर’ म्हटल्यावर बॉटकडून साधारण असं येतं:

‘काल मी मंडईत गेले असता एका भाजीविक्रेत्या महिलेने भाजीचे दर अधिक सांगितले. मी त्यांना दर कमी करण्याची विनंती केली. त्यांनी स्मितहास्य करून मला कोथिंबीर विनामूल्य दिली.’

शुद्ध आहे. आणि मावशी गेली, घासाघीस गेली, फुकटची कोथिंबीरसुद्धा विनामूल्य झाली! मूळ मजकुरात चारच गोष्टी बघायच्या होत्या: ‘गेले’, ‘एका मावशीने’, ‘बोलले’ आणि शेवटच्या वाक्यातलं ‘तिने’. बाकी सगळं तिचं स्वतःचं आणि छान होतं. असा कायापालट बघून शिकणारीला एकच गोष्ट कळते: आपलं मराठी अगदीच टाकाऊ आहे. एस. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ मध्येच मांडलं होतं की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे तो भाषा कशी रचतोय याचा पुरावा असतो. बॉट हा पुरावाच पुसून टाकतो.

त्याऐवजी असं लिहा: ‘खालचा मजकूर मराठी शिकणाऱ्या बाईंचा आहे, मातृभाषा हिंदी. मजकूर पुन्हा लिहू नकोस. फक्त “मी”बरोबर येणारं क्रियापद तपास. चूक दिसेल त्या ओळीखाली एक प्रश्न विचार, उत्तर देऊ नकोस. इतर चुका या वेळी सोडून दे.’ शेवटचं वाक्य विसरू नका, नाहीतर तो तरीही सगळं नीट करून हातात देतो. दोन-तीनदा बजावूनही ऐकत नसेल तर त्याच चॅटमध्ये वाद घालत बसू नका. नवीन चॅट उघडा आणि सूचना मजकुराच्या आधी न देता नंतर देऊन बघा.

बॉटच्या मराठीला प्रमाण मानणं

इंग्रजीच्या शिक्षकाला ही अडचण फारशी येत नाही, आपल्याला येते. बॉटच्या मराठीत हिंदी आणि इंग्रजीची गाळणी जाणवते. ‘धन्यवाद’ म्हटल्यावर ‘आपले स्वागत आहे’ म्हणतो, आणि ‘सुनिश्चित करा’ तर जागोजागी. असा नमुना उतारा शिकणाऱ्याच्या हातात दिला की तो तेच मराठी समजून उचलतो.

याहून फसवं म्हणजे बरोबर असलेलं चूक ठरवणं. मुलाने संवादात ‘केलं, गेलं’ लिहिलं की बॉट त्याचं ‘केले, गेले’ करून टाकतो आणि त्याला ‘शुद्धलेखनाची चूक’ म्हणतो. संवादात बोलण्यासारखं लिहायला आपले लेखननियमही परवानगी देतात. नियम कोणता असं विचारलंत तर तो ठणकावून एखादा नियम सांगेल, आणि तो नियम अस्तित्वात असेलच असं नाही. ‘नक्की का?’ विचारलंत की माफी मागून उलटं सांगेल. त्या दुसऱ्या उत्तरावरही भरवसा ठेवू नका, तो तुमचा सूर बघून बदललेला असतो. लिंग आणि सामान्यरूप कोशात किंवा व्याकरणाच्या पुस्तकात बघा, एक मिनिट लागतं.

वहीचा फोटो टाकणं

सोयीचं वाटतं म्हणून सगळे करतात. पण हस्ताक्षर वाचताना बॉट अंदाजाने शब्द पुरे करतो. मुलाने ‘पाउसात’ लिहिलेलं असतं आणि बॉट ‘पावसात’ वाचतो. मग अहवाल येतो की सामान्यरूपं उत्तम येतात! ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, राहिलेला रफार, जे नेमकं तपासायचं तेच असं गळून जातं. कंटाळा आला तरी त्या सात-आठ ओळी स्वतः टाइप करा आणि टाइप करताना कीबोर्डची आपोआप दुरुस्ती बंद ठेवा.

‘सोपं मराठी’ मागणं

बॉटचं सोपं म्हणजे छोट्या वाक्यांत कोंबलेले संस्कृत शब्द. ‘ए-१ पातळी’ (युरोपीय भाषांच्या मोजपट्टीतली सगळ्यात सुरुवातीची) म्हणूनही मराठीत फारसा उपयोग होत नाही. मोजता येईल असं सांगा: वाक्यात जास्तीत जास्त सात शब्द, फक्त साधा भूतकाळ, घर-बाजार-बस एवढंच जग.

एकाच खात्यावर सगळे विद्यार्थी

बॉटची स्मरणाची सोय (आधीच्या चॅटमधलं लक्षात ठेवणारी ‘मेमरी’) चालू असेल तर एकाची माहिती दुसऱ्याच्या धड्यात शिरते आणि तमिळ मुलाला हिंदीवरून समजावलं जातं. स्मरण बंद ठेवा. प्रत्येकाची अर्ध्या पानाची नोंद स्वतःकडे ठेवा (मातृभाषा, सध्या अडतंय ते, सुटलं ते) आणि दर वेळी चिकटवा. त्या नोंदीत खरं नाव, शाळा, फोन नंबर नको. ‘विद्यार्थी क’ पुरतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालचे सगळे मूलच धरले जातात आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते.

‘हे एआयने लिहिलंय का?’ हे एआयलाच विचारणं

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने असं ओळखणारं स्वतःचं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात ओळखयंत्रं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले निबंध या यंत्रांनी सरासरी निम्म्याहून जास्त वेळा एआयचे ठरवले. शिकणाऱ्याची वाक्यं साधी आणि शब्द मोजके असतात, नेमका त्याचाच यंत्राला संशय येतो. ही तपासणी इंग्रजीतली होती, मराठीत यंत्र जास्त शहाणं निघेल अशी आशा मी तरी धरणार नाही.

शंका आली तर मुलाला त्याच्याच निबंधातला एखादा शब्द विचारा, किंवा पहिला खर्डा वर्गातच, हाताने, दहा मिनिटांत लिहून घ्या. बॉट त्यानंतर. हा खर्डाच पुढच्या धड्यासाठी टाइप करायच्या त्या सात-आठ ओळी पुरवतो, वेगळं काही गोळा करावं लागत नाही.