जबड्यातली गाठ ‘कॅन्सर नाही’ म्हणून सोडून देताय? या चुका टाळा

“कॅन्सर नाही ना, डॉक्टर?” रिपोर्ट आला की पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो रास्तही आहे. पण “नाही” ऐकल्याबरोबर निम्मे पेशंट खुर्चीवरून उठून चपला शोधायला लागतात. पुढचं वाक्य कोणी ऐकतच नाही. हिरडीच्या आणि जबड्याच्या साध्या गाठींची खरी गडबड इथून सुरू होते. या गाठी शरीरात दुसरीकडे सहसा पसरत नाहीत, हे खरं. त्यातल्या काही मात्र जागच्या जागी हाड पोखरतात, दात सरकवतात, चेहरा एका बाजूला फुगवतात आणि अर्धवट काढल्या तर परत येतात.

दुखत नाही, मग घाई कशाला?

ठणका असतो पू झाल्यावर. गाठ हळूहळू वाढते तेव्हा हाड गुपचूप जागा देत जातं. अमेलोब्लास्टोमाचंच घ्या. ही गाठ बहुतेकदा खालच्या जबड्यात, मागच्या दाढांच्या आणि अक्कलदाढेच्या भागात होते, आणि साधारण तिशी-चाळिशीच्या माणसांत सापडते. कित्येक वर्षं काही कळत नाही. मग कोणीतरी लग्नाच्या फोटोत बघून विचारतं, “गाल सुजलाय का रे?” किंवा दोन दातांमध्ये अचानक फट दिसते, किंवा नीट बसणारी कवळी बसेनाशी होते. तेव्हाही मुंबईकर म्हणतो, गणपती होऊ देत, मग बघू.

२०१४ मध्ये जे. जे. रुग्णालयात बुलढाण्याच्या एका सतरा वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून दातांसारखे तब्बल २३२ तुकडे काढले, त्याची बातमी जगभर गेली होती. सूज सुमारे दीड वर्षापासून होती. ती गाठ ओडोन्टोमा, म्हणजे दात घडवणाऱ्या पेशींचीच भलत्या जागी झालेली दाटी. खरं तर या सगळ्या कुळातली ही सर्वांत गरीब गाठ, आणि एरवी तिचा आकारही लहानच असतो. ती बहुधा सापडते ती एखादा दात का उगवला नाही म्हणून एक्स-रे काढल्यावर. म्हणून मुलाचा दुधाचा दात वयाबाहेर टिकला, किंवा तेरा-चौदा वर्षं झाली तरी वरचा सुळा आलाच नाही, तर ‘येईल सावकाश’ म्हणून बसू नका, एक एक्स-रे काढा. वयात येणाऱ्या मुलींमध्ये अशा न उगवलेल्या वरच्या सुळ्याभोवती आणखी एक साधी गाठ होते. ती सहज अख्खी निघते आणि परत येणं जवळपास नाहीच.

गोळ्यांचा कोर्स, मग आणखी एक कोर्स

किडून मेलेल्या दाताच्या मुळाशी पू झाला की हिरडीवर फोड येतो. तो फुगतो, फुटतो, खारट पाणी येतं, पुन्हा फुगतो. तिथे उपाय दाताचा असतो. पण हिरडीवरची गाठ कोर्स संपल्यावरही तेवढीच असेल, तर मेडिकलवाल्याकडून दुसरी स्ट्रिप आणू नका. फसगत अशीही होते की आतल्या गाठीत जंतुसंसर्ग झालेला असतो, गोळ्यांनी वरची सूज उतरते आणि ‘फरक पडला’ असं वाटतं. गाठ आत आहे तशीच असते.

एक्स-रेत मुळाशी काळा डाग दिसला म्हणून थेट रूट कॅनल करणं, हीही त्यातलीच चूक. आधी दात जिवंत आहे का ते पाहायला हवं. थंड कापूस लावून दोन मिनिटांत कळतं. मध्यमवयीन बायकांमध्ये खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी हाडाचा एक निरुपद्रवी बदल दिसतो. दात ठणठणीत असतात आणि त्याला काहीच करावं लागत नाही. टाळूच्या मधोमध किंवा खालच्या जबड्याच्या जिभेकडच्या बाजूला लागणारे टणक उंचवटेही बहुतेकदा नुसते हाडाचे असतात. आरशात पाहून घाबरणारे पुष्कळ भेटतात.

उलट बाजूही सांगून ठेवतो. खालचा ओठ बधिर झाला, गाठ काही आठवड्यांत भराभर वाढली, वर जखम होऊन दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, किंवा माणूस तंबाखू-मावा खाणारा असेल, तर ‘साधीच असेल’ असं गृहीत धरू नका. त्याच आठवड्यात दाखवा.

छोटा एक्स-रे आणि पक्कड

दाढ हलतेय म्हणून काढून टाकली, आणि जखम भरायच्या ऐवजी खड्ड्यातून मांस वर आलं, असे पेशंट मोठ्या रुग्णालयांच्या ओपीडीत येतात. तोंडात धरायच्या छोट्या फिल्मवर तीन-चार दात दिसतात, त्यापलीकडे जबडा पोखरलेला असला तरी दिसत नाही. सुजेसोबत दाढ हलत असेल तर आधी ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा मोठा एक्स-रे, काढा. त्यात दोन्ही जबडे एका पट्टीत येतात. अमेलोब्लास्टोमा अनेकदा साबणाच्या फेसासारखा, लहानमोठ्या कप्प्यांचा दिसतो आणि मुळं कुरतडल्यासारखी झालेली असतात. केराटोसिस्ट, म्हणजे जबड्यात होणारी पिशवीसारखी पोकळ गाठ (सिस्ट), मात्र हाडाच्या लांबीने सरकतो, त्यामुळे गाल सहसा फुगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये त्याला ट्यूमरच्या यादीत नेलं आणि २०१७ मध्ये परत सिस्टमध्ये आणलं. परत येण्याची त्याची खोड मात्र तशीच आहे.

फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून “बघून सांगा” म्हणू नका. बारीक कडा त्यात दिसत नाहीत, आणि निर्णय त्या कडांवरच असतो.

काढलेला तुकडा कचऱ्याच्या डब्यात

सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. हिरडीवरची लालसर, पटकन रक्त येणारी गाठ काढली, टाका घातला, तुकडा फेकला. आता ती पायोजेनिक ग्रॅन्युलोमा होती, हाडाचे कण असलेला फायब्रोमा होता की जायंट सेलची गाठ, हे कोण सांगणार? तोंडात तिन्ही सारख्याच दिसतात. तिघींचंही मूळ बऱ्याचदा दातांवरचं कीटण किंवा टोचणारी कॅप असतं. ते साफ केलं नाही आणि गाठ हाडावरच्या आवरणापर्यंत काढली नाही, तर ती काही महिन्यांत तिथेच उगवते.

म्हणून विचारायला लाजू नका: “डॉक्टर, तुकडा तपासायला पाठवणार ना?” तो फॉर्मलिनमध्येच, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रवातच, गेला पाहिजे, पाण्यात किंवा सलाइनमध्ये ठेवला तर खराब होतो. द्रव तुकड्याच्या किमान दहापट हवा. बाटली तुमच्याच हातात दिली तर झाकण घट्ट आहे ना पाहा, नावाचं लेबल झाकणावर नको, बाटलीवर हवं, झाकणं बदलतात. आणि हाडातली गाठ असेल तर सोबत ओपीजी द्या. सूक्ष्मदर्शकाखालच्या नुसत्या स्लाइडवरून पॅथॉलॉजिस्टला अर्धीच गोष्ट कळते.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण जायंट सेल ग्रॅन्युलोमाचं. जबड्यातल्या या गाठीची स्लाइड आणि पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडल्यामुळे होणाऱ्या ब्राउन ट्यूमरची स्लाइड सारखीच असते. फरक कळतो तो रक्तातलं कॅल्शियम आणि त्या ग्रंथीचं हार्मोन, पॅराथॉर्मोन, तपासून. ते न करता जबडा खरवडला, तर दुखणं मानेतल्या ग्रंथीत आणि शस्त्रक्रिया तोंडात, असा प्रकार होतो. ग्रंथीवर उपचार झाले की जबड्यातली गाठ अनेकदा आपोआप आक्रसते.

‘सुई लावली की पसरते’ हे अजूनही ऐकू येतं. बायोप्सीने साधी गाठ कॅन्सर होत नाही. एवढंच, की हाडातली गाठ उघडण्याआधी सर्जन सुईने ओढून पाहतो. सिरिंज रक्ताने भरभर भरली तर ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते, आणि ती क्लिनिकमध्ये उघडायची नसते.

गरोदरपणात कापायची घाई

हिरडीवर लाल गाठ आली की सासूबाई आणि सूनबाई दोघी घाबरून येतात. दातांची साफसफाई करा, मधल्या तीन महिन्यांत ती आरामात करता येते. रक्त थांबत नसेल किंवा खाता येत नसेल तरच काढायची, नाहीतर बाळंतपणानंतर ती बहुधा आकसते. आधीच काढली तर परत यायची शक्यता जास्त.

“नुसतं खरवडून द्या ना”

जबड्याचा तुकडा काढायचा म्हटलं की घरचे हबकतात, आणि साहजिक आहे. पण नेहमीचा, कप्पेदार अमेलोब्लास्टोमा हाडाच्या जाळीत शिरलेला असतो. एक्स-रेवर दिसते त्या कडेपलीकडेही. नुसता खरवडला तर तो परत येण्याचं प्रमाण फार मोठं आहे. म्हणून कडेबाहेरचं एक-दोन सेंटिमीटर निरोगी हाडही काढतात. वरच्या जबड्यात तर आणखी सावध राहावं लागतं, तिथलं हाड पातळ आणि वर सायनस, डोळा. तरुण मुलांमध्ये एकाच पोकळीचा प्रकार असतो, त्यात कधी कमी कापून भागतं. ते स्लाइड ठरवते, पेशंटची भीती नाही.

गेलेल्या हाडाच्या जागी पायातलं बाहेरचं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट आणून जोडतात, पुढे त्यात इम्प्लांटचे दातही बसतात. चालण्यात सहसा फारसा फरक पडत नाही. दुसरं मत हवं असेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय आहे. केसपेपरच्या रांगेला सकाळी लवकर लागा.

फाइल हरवणं

अमेलोब्लास्टोमा दहा वर्षांनीही परत आलेला आहे, त्यामुळे तोंड बरं दिसतंय म्हणून ओपीजी चुकवू नका. जुन्या फिल्म, सीडी आणि पहिला रिपोर्ट एका पिशवीत ठेवा, नवीन ओपीजी जुन्याशेजारी लावल्याशिवाय वाचता येत नाही. दुसरीकडे दाखवायचं ठरलं तर पहिल्या लॅबकडून तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. पेशंटला त्या मिळतात, आणि पुन्हा तुकडा काढायची वेळ बऱ्याचदा टळते.