हा पैसा कुठल्या डब्यातला? : विद्यापीठाच्या मालमत्ता विभागातले दिवस

विद्यापीठात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो तेव्हा परीक्षा विभाग मिळेल असं वाटलं होतं. मिळाला मालमत्ता विभाग. तिथे बदली झाली की लोक सांत्वनाला येतात. मी मात्र तिथेच रमलो आणि पुढे वित्त व लेखा विभागात गेलो तरी त्याच फाइली हाताळत राहिलो. नव्या भरतीतली मुलं अधूनमधून विचारायला येतात, म्हणून हे लिहून ठेवतोय. माझा अनुभव महाराष्ट्रातल्या एका सार्वजनिक विद्यापीठाचा आहे.

सुरुवातीला मला वाटायचं की इमारती कुलगुरू बांधतात. कोनशिलेवर नाव त्यांचंच असतं ना! पण जमीन आणि इमारती विद्यापीठाच्या नावावर असतात आणि त्यांचा निर्णय घेते व्यवस्थापन परिषद. आपल्याकडे हे सगळं महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे चालतं. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. कुलगुरू परिषदेचे अध्यक्ष असतात, पण सही करताना त्यांच्या पाठीशी ठराव लागतो. अर्थसंकल्प त्यापुढे अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये जातो. हा कायदा एकदा तरी मुळातून वाचा. गाइडमधून वाचू नका.

आमच्या अधीक्षक बाईंचा एक ठरलेला प्रश्न असायचा. कुठलीही टिपणी समोर ठेवली की चष्म्यावरून बघत विचारायच्या, "हा पैसा कुठल्या डब्यातला?" विद्यापीठाच्या बँक खात्यांत मोठी रक्कम दिसते, पण ती एक नसते. परीक्षा शुल्क, महाविद्यालयांकडून येणारं संलग्नीकरण शुल्क हा सर्वसाधारण निधीचा डबा. पगाराचा डबा वेगळा. शासन किंवा विद्यापीठ अनुदान आयोगाकडून इमारतींसाठी आलेला पैसा विकास निधीत. देणगीदारांचा विश्वस्त निधीत. साखरेच्या डब्यात मीठ टाकलं तर काय होतं ते मी स्वतः करून पाहिलंय.

वसतिगृहासाठी केंद्राचं अनुदान आलं होतं. काम सुरू व्हायला उशीर होत होता म्हणून रक्कम मुदत ठेवीत होती. व्याज बऱ्यापैकी जमलं होतं. मी हुशारीने टिपणी लिहिली, 'सदर व्याजातून कुंपणभिंतीचे काम प्रस्तावित आहे.' बाईंनी ती वाचली आणि काही न बोलता केंद्राचे सामान्य वित्तीय नियम, २०१७ माझ्या टेबलावर आणून ठेवले. अनुदानावरचं व्याज हे आपलं उत्पन्न नसतं, ते केंद्राच्या तिजोरीत परत भरायचं असतं. अनुदान कुठे खर्च झालं हे सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्राच्या नमुना १२-अ मध्येही ते दाखवावं लागतं. शिवाय एका कामासाठी राखून दिलेला निधी दुसरीकडे वळवायचा असेल तर राज्य शासनाची पूर्वपरवानगी लागते, असं आपला विद्यापीठ कायदाही सांगतो. माझी टिपणी परिषदेपर्यंत गेली असती तर लेखापरीक्षणात आक्षेपाचा परिच्छेद निघाला असता, आणि तो पुढची दहा वर्षं माझ्या नावाने फिरला असता.

देणगीचं जुनं उदाहरण हवं असेल तर मुंबईला फोर्टात जाऊन राजाबाई टॉवरकडे मान वर करा. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि त्याच वर्षी आणखी दोन लाख मनोऱ्यासाठी, आईचं नाव द्यावं या इच्छेने. १८६५ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि दाता स्वतः बुडाला. पण पैसा विद्यापीठाकडे त्या कामासाठी म्हणून ठेवलेला होता. राजाबाई टॉवर पुरा झाला १८७८ मध्ये. आज एखादे माजी विद्यार्थी सभागृहासाठी धनादेश घेऊन येतात तेव्हा मला तेच आठवतं. हेतू काय, नाव कोणाचं, रक्कम अपुरी पडली तर काय, हे सगळं पत्रात लिहून घ्या आणि परिषदेने ते स्वीकारल्याचा ठराव त्याच फाइलला लावा. तोंडी 'बघू नंतर' म्हणालात की वीस वर्षांनी त्यांचा मुलगा पाटी कुठे आहे विचारत येतो.

बैठकांचं शास्त्र वेगळंच आहे. 'तत्त्वतः मान्यता' हे शब्द इतिवृत्तात दिसले की नवी मुलं खूश होतात. त्यात एक रुपयाही नसतो. बांधकाम समितीची शिफारस, वित्त व लेखा समितीचा अभिप्राय, परिषदेची प्रशासकीय मान्यता, अर्थसंकल्पात तरतूद, अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता, एवढं झाल्यावर ई-निविदा. ठरावात रक्कम आणि लेखाशीर्ष (पैसा कुठल्या खात्यातून जाणार ते) नसेल तर इतिवृत्त कायम होण्याआधी विचारा, नंतर कोणी विचारू देत नाही. घाईच्या वेळी 'बारा-सात' वापरतात, म्हणजे कलम १२(७) खालचा कुलगुरूंचा तातडीचा अधिकार. पावसात छत गळू लागलं तर ठीक. पण दोन वर्षं रखडलेल्या रंगकामाला बारा-सात लावायचा म्हटलं तर टिपणीवर आपलं मत नम्रपणे नोंदवा. आणि निर्णयाचा अहवाल परिषदेच्या पुढच्या बैठकीत गेला ना, हे बघा.

काम सुरू झालं की अभियंता विभागाचं राज्य. मोजमाप पुस्तिका, चालू देयकं, सुरक्षा अनामत, एक टक्का कामगार उपकर, हे महिनाभरात अंगवळणी पडतं.

पडत नाही ती जमीन. आमच्या आवाराच्या एका बाजूचा रस्ता रुंद व्हायचा होता. मोबदल्याचं पत्र आलं आणि सातबारा काढला, तर त्यावर मूळ शेतकऱ्याचंच नाव! गावकऱ्यांनी कधीकाळी जमीन दिली, बक्षीसपत्र झालं, पण फेरफार, म्हणजे मालक बदलल्याची नोंद, कोणी केलीच नव्हती. त्या शेतकऱ्याचे नातू आता सात. दोन वर्षं मी तलाठी कार्यालयाच्या बाकावर बसलो. सरकारकडून मिळालेली जमीन असेल तर सहसा 'भोगवटादार वर्ग-२' लिहिलेलं असतं, म्हणजे जमीन शर्तींवर दिलेली. ती ठरलेल्या कामाशिवाय वापरली तर शर्तभंग होतो. उपाहारगृह, बँक, एटीएम यांना जागा देताना करार भाडेपट्ट्याचा आहे की लीव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे नुसत्या वापराच्या परवानगीचा), हे नीट पाहा. स्थावर मालमत्ता विकायची किंवा भाडेपट्ट्याने द्यायची तर शासनाची पूर्वपरवानगी लागते. परिषदेचा ठराव एकटा पुरत नाही.

रुजू झालात की पहिल्याच महिन्यात मालमत्ता नोंदवही मागून घ्या. नाही म्हणाले तर पुन्हा मागा. मोजणीचा नकाशा घेऊन सुरक्षारक्षकाबरोबर पूर्ण हद्द एकदा पायी फिरा आणि हद्दीचा दगड सापडेल तिथे नकाशावर खूण करा. पाणी बरोबर ठेवा. चपला नकोत, बूट घाला, आमच्या मागच्या हद्दीला नुसत्या बाभळी आहेत.