तोंगलीला जाण्याआधी

सगळ्यात आधी गाव ठरवा, आणि एकच ठरवा. चीनमध्ये शांघायच्या पश्चिमेला, ताय सरोवराच्या सखल खोऱ्यात कालव्यांवर वसलेली जुनी गावं बरीच आहेत. झौझुआंग, वूझन, शीतांग, नानशुन ही त्यातली गाजलेली नावं. दोन दिवसांत तीन गावं दाखवणाऱ्या सहली सर्रास मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. भरदुपारच्या गर्दीत ही सगळी गावं सारखीच दिसतात आणि शेवटी आठवणीत एकही वेगळं राहत नाही. माझा कौल सुझौ शहराच्या दक्षिणेला असलेल्या तोंगलीला. वूझनच्या पश्चिम भागातून मूळ रहिवाशांना हलवलं आणि सगळी वस्ती पर्यटकांसाठी नव्याने सजवली. तिथे सोयी चोख आहेत, पण शेजारपाजार नाही. तोंगलीत अजून माणसं नांदतात. दारासमोर दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात, दोरीवर कपडे वाळत असतात, उंबऱ्यात बसून भाजी निवडणं चालू असतं. शिवाय हे गाव मेट्रोने गाठता येतं.

गाव ठरलं की लगेच मुक्कामाचं बघा, आणि तो जुन्या गावातच करा. बाकीची सगळी तयारी याच एका गोष्टीसाठी आहे, असं मी म्हणेन. सकाळी दहाच्या सुमाराला गटागटाने पर्यटक येतात आणि संध्याकाळी निघून जातात. त्याच्या आधीचा आणि नंतरचा वेळ ज्याला मिळाला त्यालाच गाव दिसलं. जुन्या घरांमध्ये छोटी अतिथीगृहं आहेत. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारून घ्या. परदेशी पासपोर्टवर खोली देतात का, आणि सामान घेऊन कुठपर्यंत गाडी येते. चीनमध्ये परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेलात उतरलात तर ती तेच करतात, पण ओळखीच्या माणसाच्या घरी राहणार असाल तर चोवीस तासांच्या आत तुम्हाला स्वतः करावी लागते.

तारखा निवडताना चिनी सुट्ट्यांचं कॅलेंडर समोर ठेवा. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा, १ मेच्या आगेमागचे दिवस आणि चिनी नववर्षाची सुट्टी पूर्णपणे टाळा, शनिवार-रविवारही जमल्यास टाळा. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथे पावसाची झड असते, आणि त्यानंतरचा उन्हाळा कोकणातल्या मे महिन्यासारखा चिकचिकीत. हिवाळा अंशांत फारसा कडक दिसत नाही, पण हवा ओली आणि जुनी लाकडी घरं गार, त्यामुळे थंडी हाडात शिरते. एप्रिल चांगला. ऑक्टोबरची सुट्टी संपल्यानंतरचे दिवस त्याहून चांगले, कारण शरदात सुझौच्या परिसरात सुगंधी ओस्मँथसची पिवळी बारीक फुलं फुलतात आणि अख्खी गल्ली दरवळते.

व्हिसाबाबत गैरसमज नको. चीनने अनेक देशांच्या नागरिकांना दहा दिवसांच्या ट्रान्झिटची बिनव्हिसा सवलत दिली आहे, पण त्या यादीत भारत नाही. आपल्याला रीतसर पर्यटन व्हिसा लागतो. अर्जाबरोबर जाण्यायेण्याची तिकिटं आणि हॉटेलची बुकिंग जोडायची, म्हणून रद्द करता येतील अशीच बुकिंग करा. पाच वर्षांच्या खंडानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारत-चीन थेट विमानं पुन्हा सुरू झाली, त्यामुळे प्रवास आता पूर्वीइतका लांबचा राहिलेला नाही. आगमनाचं कार्ड ऑनलाइन भरता येतं, ते घरूनच भरा.

आता पैसे आणि फोन. इथे वेळ घालवा, कारण तिथे अडतं ते इथेच. चीनमध्ये भाजीवालासुद्धा क्यूआर कोडवर पैसे घेतो, पण आपलं यूपीआय गृहीत धरू नका. अलिपे हे ऍप घरीच सुरू करून त्यात पासपोर्टची माहिती भरा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडा. आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार बहुधा मुळात बंद असतात, ते बँकेच्या ऍपमध्ये जाऊन सुरू करा आणि मर्यादा वाढवून ठेवा. ओटीपी भारतीय नंबरवर येणार, म्हणून त्या सिमवर रोमिंग हवंच. परदेशी कार्डावरून २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलिपे शुल्क लावत नाही, त्याहून मोठ्या व्यवहारावर ३ टक्के लावतं. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं जोडा आणि थोडे युआन रोख जवळ ठेवा. आजीबाईंच्या टोपलीतून काही घ्यायचं तर रोख उपयोगी पडते. गप्पा आणि पैसे दोन्हींसाठी तिथे वापरलं जाणारं वीचॅट हे ऍप, पण त्यावर भारतात २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे सगळा भार त्यावर टाकू नका.

व्हॉट्सॲप, गूगल, जीमेल, इन्स्टाग्राम हे सगळं तिथल्या वायफायवर बंद असतं. भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर ते सहसा चालतं, कारण डेटा आपल्याच कंपनीमार्फत फिरून येतो. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे मेसेज गेला नाही तर ते घाबरणार नाहीत. नकाशासाठी गूगलवर विसंबू नका, आमॅप हे तिथलं ऍप इंग्रजीतही चालतं. भाषांतराच्या ऍपमध्ये चिनी भाषा ऑफलाइन उतरवून ठेवा.

शांघाय ते सुझौ वेगवान रेल्वेने जेमतेम अर्धा तास. तिकिटं पंधरा दिवस आधी खुली होतात आणि पासपोर्टच्या नंबरावरच निघतात, म्हणून स्टेशनवर पासपोर्ट हाताशी ठेवा. सुझौ नावाची स्टेशनं एकाहून अधिक आहेत. तुम्हाला हवं ते नुसतं ‘सुझौ’, उत्तर किंवा दक्षिण नव्हे. तिथून मेट्रोची ४ नंबरची लाइन थेट तोंगली स्थानकापर्यंत जाते, तेच शेवटचं स्थानक. पुढे जुन्या गावापर्यंत बस किंवा टॅक्सी.

बॅगेत फार काही नको. ओल्या दगडावर न घसरणारे बूट, छत्री, डास पळवणारं मलम, टिश्यू पेपर, प्लगचा अडॅप्टर आणि एक थर्मास. उकळतं पाणी चीनमध्ये स्टेशनापासून हॉटेलापर्यंत कुठेही फुकट मिळतं, त्यामुळे थर्मासाचा खरा उपयोग होतो. चीनमध्येच अंतर्गत विमानप्रवास करणार असाल तर पॉवर बँकवर ३सी हे तिथलं सुरक्षा-प्रमाणपत्राचं चिन्ह आहे का बघा. जून २०२५ पासून त्याशिवाय विमानात नेऊ देत नाहीत. खाऊ म्हणून खाकरा, कोरडी चटणी, मेतकूट चालेल. ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ मात्र नेऊ नका, सीमाशुल्कावर काढून घेतात.

शाकाहारी मंडळींनी एक काम जरूर करावं. मांस, मासे, कोंबडी, डुकराची चरबी आणि मांसाचा रस्सा चालत नाही, असं चिनी अक्षरांत लिहून मोठ्या टायपात छापून घ्यावं. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर भाजीवर खिम्याची पखरण होऊन येऊ शकते. चरबीचा उल्लेख मुद्दाम करा, कारण तिथल्या खुसखुशीत गोड पदार्थांतही ती पडते. तोंगलीची खास वस्तू म्हणजे मखान्याच्या पिठाच्या वड्या. हो, आपला उपासाचा मखानाच, त्याची पाणवेल या भागातल्या तळ्यांत पिकते. दुकानदार ताटातली एक वडी कापून चवीला देतो. गरम असताना ती मऊ आणि किंचित चिवट लागते, गार झाली की घट्ट होते. तिथेच उभं राहून खा, पण चरबी चालत नाही असं लिहिलेला तो कागद आधी दाखवा.

जाण्याआधी थोडं वाचून जा, म्हणजे भिंतीही बोलायला लागतील. पदावरून दूर झालेल्या रन लानशेंग या अधिकाऱ्याने १८८५ ते १८८७ या काळात इथे तुइसी बाग उभारली. जागा लहान, पण मंडप पाण्याच्या इतके लगत बांधले आहेत की सगळी बाग तळ्यावर तरंगतेय असं वाटतं. सुझौच्या बागांच्या जागतिक वारसा यादीत २००० साली तिचा समावेश झाला. तिच्यासाठी सकाळची पहिली वेळ राखून ठेवा. जवळजवळ असलेले तायपिंग, जिली आणि चांगछिंग हे तीन पूल लग्नाच्या वरातीने ओलांडायची इथली जुनी रीत आहे. चुआनशिन नावाच्या चिंचोळ्या बोळातल्या फरशा पावलांखाली घुमतात. कालव्याच्या भिंतींकडे तर मुद्दाम वाकून बघा. पाण्याच्या थोडं वर, भोक पाडलेले कोरीव दगड बसवलेले आहेत. होडीचा दोर ओवायची ही जागा. कुणी तिथे नुसतं भोक पाडून थांबलेलं नाही, त्यावर नक्षी काढली आहे, आणि काहींच्या कडा दोराने घासून गुळगुळीत झाल्या आहेत. रस्ता नव्हे तर पाणी हाच या गावाचा हमरस्ता होता, हे कुठल्याही फलकापेक्षा हे दगड चांगलं सांगतात.

होडीत बसायचं असेल तर भाडं माणशी नसून होडीमागे असतं, म्हणून चौघं-पाचजण मिळून घ्या. चहासाठी नानयुआन चहाघर शोधा. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण साहित्य मंडळाच्या संस्थापकांपैकी चेन छूबिंग तोंगलीचेच, आणि त्या कवी-क्रांतिकारकांची इथे बैठक असे. तुळशीच्या पानाएवढ्या कोवळ्या पानांचा बीलुओचुन हा हिरवा चहा याच ताय सरोवराकाठच्या टेकड्यांवरचा, तो मागा. दुधाचा आग्रह नको.

कॅमेऱ्याबद्दल एकच विनंती. उघड्या दारातून कुणाच्या घरात डोकावून फोटो काढू नका. आधी नजरेने विचारा. नकार आला तर पुढे चला.

निघायच्या आदल्या रात्री अतिथीगृहाचं नाव, पत्ता आणि फोन चिनी अक्षरांत कागदावर छापून पासपोर्टात ठेवा. व्हिसाची, विम्याची आणि रेल्वे तिकिटांची प्रत फोनच्या गॅलरीत साठवा, ईमेलवर नको, ते तिथे उघडेलच असं नाही. परतीच्या दिवशी मेट्रो आणि रेल्वे दोन्हीकडे सामानाची तपासणी असते, तेव्हा गाडीच्या वेळेआधी तोंगलीतून अडीच-तीन तास हातात ठेवून निघा.