तान्ह्या बाळाचा पासपोर्ट: तयारी जन्मनोंदीपासूनच करावी

परदेशी निघालेल्या कुटुंबाची बाळाच्या कागदपत्रांवरून जी अडवणूक होते, तिचे मूळ पासपोर्ट कार्यालयात क्वचितच असते. बहुतेक वेळा ते जन्माची नोंद करताना रुग्णालयात भरलेल्या अर्जात असते, आणि तो अर्ज घरातल्या कोणीही नीट वाचलेला नसतो. बाळ घरी नेण्यापूर्वीच या अर्जाकडे लक्ष दिले, तर पुढची बरीच धावपळ टळते.

आई-वडिलांच्या पासपोर्टवर मुलाचे नाव चढवून प्रवास करण्याची जुनी सोय आता नाही. बाळ महिन्याभराचे असले तरी त्याला स्वतःचा पासपोर्ट लागतो, आणि ज्या देशात व्हिसा आवश्यक आहे तिथे स्वतःचा व्हिसाही लागतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून पासपोर्ट कार्यालय केवळ जन्मदाखलाच स्वीकारते. त्यामुळे दाखल्यात चूक राहिली, तर दुसरे एखादे कागदपत्र पुढे करून वेळ निभावून नेता येत नाही.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी असा कायदा आहे. रुग्णालयात जन्म झाला असेल तर ही माहिती रुग्णालयच महानगरपालिकेला, नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवते. घरी सोडण्यापूर्वी हा अर्ज मागून घ्यावा आणि आई-वडिलांची नावे त्यांच्या पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावीत. मराठीत नाव बरोबर असते, पण इंग्रजीत लिहिताना एखादे अक्षर गळते किंवा वाढते; वडिलांचे मधले नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी नुसत्या आद्याक्षराने लिहिले जाते. सर्वांत जास्त घोळ आईच्या नावाचा होतो. तिच्या पासपोर्टवर माहेरचे नाव असते आणि रुग्णालयातल्या केसपेपरवर सासरचे, आणि जन्मदाखल्यावर केसपेपरवरचेच नाव उतरते. दाखल्यावर पासपोर्टमधलेच नाव यावे, असा आग्रह पालकांनी तिथेच धरावा.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत असल्यामुळे यात आणखी एक अडचण येते. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते आणि दुरुस्तीही तिथल्याच निबंधकाकडे करावी लागते. घर पुण्यात आणि जन्म सोलापुरात झाला असेल, तर एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी सोलापूरची फेरी घडू शकते. म्हणून आई माहेरी असतानाच दाखला हातात घेऊन तपासावा. बाळाचे नाव ठरण्यापूर्वी नोंद झाली असेल तर दाखल्यावर नावाची जागा रिकामी राहते. जन्मनोंदीपासून बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पासपोर्ट काढायचा असेल तर मात्र बारसे झाले की लगेच हे काम उरकावे.

पासपोर्टच्या अर्जात नाव आणि आडनाव यांचे दोन वेगळे रकाने असतात. वडिलांचे नाव बाळाच्या नावाला जोडून पहिल्या रकान्यात लिहायचे की नाही, हे जन्मदाखल्याकडे पाहून ठरवावे, आणि ठरलेले रूपच व्हिसा, तिकीट व आधार यांवर ठेवावे. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नये. संयुक्त अरब अमिरातीने २०२२च्या नोव्हेंबरपासून, पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक व भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारण्याचे धोरण घेतले आहे.

अर्ज ऑनलाइन भरून पासपोर्ट सेवा केंद्राची किंवा टपाल कार्यालयातील केंद्राची वेळ घ्यावी. त्या दिवशी बाळाला प्रत्यक्ष न्यावे लागते. चार वर्षांखालील मुलांचा फोटो केंद्रात काढत नाहीत, तो घरून न्यावा लागतो: पांढरी पार्श्वभूमी, साडेचार बाय साडेतीन सेंटीमीटर. बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवून, डोळे उघडे असताना वरून फोटो काढणे सर्वांत सोपे जाते. धरणाऱ्याचा हात फोटोत दिसू नये. आई-वडिलांचे मूळ पासपोर्ट, त्यांच्या स्वसाक्षांकित झेरॉक्स प्रती, जन्मदाखला आणि दोघांच्या सहीचे ‘ॲनेक्शर डी’ हे घोषणापत्र सोबत हवे. पासपोर्टवर जोडीदाराचे नाव नसेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही न्यावा. हे घोषणापत्र साध्या कागदावर चालते, त्याला नोटरीची गरज नाही.

एक पालक परदेशात नोकरीला आणि दुसरा बाळासह इथे, ही स्थिती मराठी घरांत आता नेहमीची झाली आहे. अशा वेळी परदेशातील पालकाने तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित केलेले संमतीचे प्रतिज्ञापत्र पाठवावे. त्याला वेळ लागतो, म्हणून केंद्राची वेळ घेण्याआधीच त्याची सुरुवात करावी. एका पालकाची संमती मिळणेच शक्य नसेल, किंवा एकल पालक असेल, तर ‘ॲनेक्शर सी’ हे एका पालकाचे घोषणापत्र भरावे लागते. घटस्फोट झाला असल्यास ताब्याविषयीचा न्यायालयाचा आदेश आणि एक पालक हयात नसल्यास मृत्यूचा दाखला सोबत ठेवावा.

अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टचे शुल्क १,००० रुपये आहे आणि तत्काळसाठी त्यावर २,००० रुपये जास्त भरावे लागतात. या पासपोर्टची मुदत पाचच वर्षे असते. आई-वडिलांचे पासपोर्ट दहा वर्षांचे असल्यामुळे ही गोष्ट विसरली जाते, आणि पहिल्या प्रवासाला उपयोगी पडलेला पासपोर्ट पुढच्या प्रवासाच्या वेळी संपत आलेला असतो. शेंगेन देशांना, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातील देशांना, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिन्यांची मुदत शिल्लक हवी असते, तर इतर अनेक देशांना सहा महिन्यांची.

बाळ एकाच पालकाबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर जात असेल, तर न येणाऱ्या पालकाचे इंग्रजीतील संमतीपत्र न्यावे. त्यात बाळाचे नाव व पासपोर्ट क्रमांक, बरोबर कोण आहे, प्रवासाच्या तारखा आणि पालकाचा संपर्क असावा. भारतातून निघताना ते कोणी मागेलच असे नाही. पण उतरल्यावर परदेशातील इमिग्रेशन अधिकारी, विशेषतः बाळाचे आणि सोबतच्या व्यक्तीचे आडनाव वेगळे असेल तर, ते मागू शकतो. म्हणून हे पत्र नोटरी करून घेणे हिताचे ठरते. त्याला जन्मदाखल्याची प्रत जोडावी.

बाळाचा जन्म परदेशात झाला असेल तर आधी नागरिकत्वाचा प्रश्न सोडवावा लागतो. अमिरातीत जन्माने नागरिकत्व मिळत नाही. तिथे भारतीय आई-वडिलांचे बाळ भारतीय वाणिज्य दूतावासात एक वर्षाच्या आत नोंदवून त्याचा भारतीय पासपोर्ट काढला जातो. अमेरिकन पासपोर्ट काढलेल्या बाळाला मात्र भारतीय पासपोर्ट ठेवता येत नाही. आजोळी यायचे तर त्याला भारताचा व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे कार्ड) लागते, आणि यांपैकी एक हातात येईपर्यंत भारताचे तिकीट काढू नये.

तिकिटाचीही एक बाब आधी पाहावी. दोन वर्षांखालील बाळ मांडीवर घेऊन नेता येते, पण त्या प्रवासातच त्याला दोन वर्षे पूर्ण होणार असतील तर परतीसाठी स्वतंत्र आसन घ्यावे लागते.

पासपोर्ट परदेशात हरवलाच, तर आधी स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि मग भारतीय दूतावासात जावे. निकड असेल तर दूतावास आणीबाणी प्रमाणपत्र देतो. पण ते केवळ भारतात परतण्यापुरते चालते, दुसऱ्या देशाचा प्रवास त्यावर करता येत नाही. पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानांच्या आणि जन्मदाखल्याच्या प्रती मूळ कागदपत्रांपासून वेगळ्या पिशवीत ठेवलेल्या असतील, तर हे काम बरेच लवकर होते.