एळ्ळ अमावास्येला शेतात चरग कसा शिंपावा

मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमाराला बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, गोकाकच्या काळ्या रानांत शाळू पोटरीला आलेला असतो आणि हरभरा फुलाघाट्यात असतो. भुई गरोदर आहे, तिचे डोहाळे पुरवायचे, म्हणून हा सण. तिच्या वाट्याचं जेवण कालवून पिकात शिंपायचं, तोच चरग. कानडीत एळ्ळू म्हणजे तीळ. लातूरकडे यालाच वेळ अमावास्या किंवा येळवस म्हणतात. आपल्या भागात बांधाच्या अलीकडे मराठी आणि पलीकडे कानडी घर असलं तरी दोघांच्या बुट्टीत जवळपास तेच जेवण असतं.

सुरुवात आदल्या संध्याकाळी आंबिलीपासून करा. एक वाटी ज्वारीचं पीठ दोन वाट्या आंबट ताकात कालवून गाडग्यात झाकून ठेवा. दिवस थंडीचे, म्हणून गाडगं चुलीच्या उबेला हवं; नाहीतर सकाळी पीठ नुसतं भिजलेलं सापडतं, आंबलेलं नाही. सकाळी पाच वाट्या पाणी उकळून त्यात ठेचलेला लसूण, जिरं आणि मीठ घाला. मग एका हाताने पीठ ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहा. हात थांबला की गुठळी झालीच. दहा-पंधरा मिनिटांत कच्चा वास जातो. वरून घालायचं ताक मात्र आंबील पूर्ण गार झाल्यावरच घाला, गरमात ते फाटतं.

बाजरीच्या भाकरीला तीळ हवेतच. भाकरी अर्धी थापून झाली की वरून तीळ भुरभुरा आणि मग उरलेली थापा, म्हणजे ते पिठात रुततात आणि तव्यावर पाण्याचा हात फिरवताना निसटत नाहीत. भाकऱ्या आदल्या दिवशी केल्या तरी चालतात. सोबत भरली वांगी, शेंगांची पोळी, पुरणाचे कडबू, कारळ्याची चटणी, दहीबुत्ती म्हणजे दहीभात. सगळं जमलं नाही तरी आंबील, तिळाची भाकरी आणि एक गोड पदार्थ सोडू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्वयंपाक झाल्यावर कुणीही चव घेण्याआधी प्रत्येक पदार्थातला थोडा एका पातेल्यात वेगळा काढा. हा भुईचा वाटा. घाईत असलेली माणसं आधी जेवून घेतात आणि उरलेलं रानात टाकतात, ते पाहून जीव तुटतो. डोहाळजेवणाला आपण बाईला उष्टं वाढतो का?

रानात गेल्यावर बांधावरच्या बन्नीच्या, म्हणजे शमीच्या झाडाखाली किंवा पिकाच्या कडेला जागा साफ करा. पाच खडे धुऊन चुना लावून मांडा. हे पाच पांडव. हळद-कुंकू वाहा, हिरवा खण ठेवून ओटी भरा, नैवेद्य दाखवा.

मग चरग. काढून ठेवलेल्या वाट्यात भाकरी आणि कडबू कुस्करा, भात व थोडी आंबील घालून सैलसर कालवा. एकाने पातेलं घेऊन पुढे चालावं, मूठ-मूठ पिकात शिंपावं. दुसऱ्याने मागून तांब्यातलं पाणी शिंपडत यावं. कानडी शेजारी या वेळी 'हुलिग्यो, हुलिग्यो' अशी आरोळी देतात, आपली पोरंही त्यांच्या सुरात सूर मिसळतात. शेताचे चारही कोपरे झाले पाहिजेत. ढीग एका जागी टाकू नका. पाखरं, मुंग्या, किडे सगळ्यांना मिळायला हवं. त्या आठवड्यात पिकावर औषध फवारलं असेल तर पाखरांना बोलावणं बरं नव्हे, म्हणून फवारणीची तारीख आधीच सांभाळा.

चरग झाला की पंगत. प्लॅस्टिकची ताटं नेऊ नका, वारा ती पिकात उडवतो. पानांच्या पत्रावळ्या घ्या, नाहीतर भाकरीच हातावर घेऊन त्यावर वांगं वाढा. ज्यांना शेत नाही त्यांना आठवडाभर आधी बोलावणं धाडा. आणि आमच्या घरी चार भाकऱ्या व आंबिलीचं गाडगं दिवस मावळेपर्यंत झाडाखाली झाकून असतं. उशिरा कुणी बांधावरून गेलं, तर 'या, बसा' म्हणायला हातात काही असावं.