किशोर कादंबरीसाठी पुस्तकखुणेवरचं जादा प्रकरण

कुमारवयीन वाचक कादंबरी एका दमात संपवतात, पण मित्रांपर्यंत तिची चर्चा पोचतेच असं नाही. त्यावर स्वस्तातला उपाय म्हणजे पुस्तकखूण: तिच्यावरचा क्यूआर कोड फोननं स्कॅन केला की कादंबरीचं एक जादा प्रकरण वाचायला मिळतं.

१. कादंबरीतलाच एखादा प्रसंग दुसऱ्या पात्राच्या नजरेतून दोन-तीन पानांत लिहा. नायिका पर्वतीच्या पायऱ्यांवर भांडून निघून गेली असेल, तर मागे राहिलेल्या मैत्रिणीचं काय झालं? माझ्या मते लेखकाच्या मुलाखतीपेक्षा मुलांना हेच जास्त आवडतं, आणि ज्यानं पुस्तक वाचलेलं नाही त्याचंही कुतूहल चाळवतं. शेवट मात्र फोडू नका.

२. मजकूर स्वतःच्या वेबपानावर ठेवा आणि त्या पत्त्याचा क्यूआर कोड बनवा. पत्ता तोच ठेवून मजकूर बदलता येतो, त्यामुळे दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत नवं पान टाकलं तरी जुन्या खुणा चालतात.

३. ए-फोर जाड कागदाच्या उभ्या चार पट्ट्या, मध्ये एक आडवा काप: साधारण ५२ बाय १४८ मिलिमीटरच्या आठ खुणा निघतात. कोड किमान २ सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळा, भोवती कोरी जागा. छापण्याआधी साध्या फोनवर तपासा.

४. प्रत्येक प्रतीत दोन खुणा घाला, एक मित्राला द्यायला. उरलेल्या अप्पा बळवंत चौकातल्या ओळखीच्या दुकानदाराकडे आणि शाळेच्या ग्रंथालयात द्या.

वाचण्यासाठी मुलांकडून नाव, फोन नंबर मागू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद आहे.